मागाच्या खोलीतला दुसरा खड्डा

वैशाखातला शुक्रवार, सन १९५५. नागपूर, आमच्या घराचं मागचं अंगण, सकाळ.

हजर: सासूबाई, कडुलिंबाच्या सावलीत पाटावर. उमरेडहून आलेली नणंद, पाट्या-वरवंट्याशी. मी, परातीशी. धाकटी जाऊ हजर धरायची की गैरहजर, ते मला त्या दिवशीही ठरवता आलं नव्हतं. ती अंगणाच्या पलीकडे मागाच्या खोलीत आडवी होती. तिला कावळा शिवला होता.

काम: तिच्या मुलीच्या लग्नाच्या मूगवड्या.

तिच्या मुलीच्या. माझ्या नाही, मला दोन मुलगेच. पण वड्या घालायच्या मी, कारण आमच्या घरी लग्नाच्या पहिल्या पाच वड्या घरातल्या थोरल्या सवाष्णीनं घालायच्या, आणि ती शिवाशिवीची नसावी. सासूबाई विधवा. धाकटी बाजूला बसलेली. उरले मी. त्या घरात नेहमीच उरायची ती मी.

माझं जे काही सुरू होतं त्याला तेव्हा घरात नाव नव्हतं. मी त्याला वाफ म्हणायची. पोटाच्या वर कुठेतरी ती धरायची, छातीतून गळ्यापर्यंत चढायची, कानामागे आग लागायची आणि मग डोक्यापासून पाठीपर्यंत सगळं ओलं. जरा वेळानं तोच घाम गार पडून मी कुडकुडायची. नागपूरच्या उन्हाळ्यात कुडकुडणारी बाई म्हणून पोरं मला हसायची. झोप तुकड्या-तुकड्यांनी. राग नाकावर. आणि विसरणं. सामानाची यादी मी लग्न होऊन आले तेव्हापासून करत आले आहे, आता यादी कुठे ठेवली त्याची यादी करायची वेळ आली होती.

उपाय मी पद्धतशीर केले. धने-जिऱ्याचं पाणी: बरं वाटतं, लघवीची जळजळ जाते, वाफेला काही नाही. दुधातून शतावरी: वजन वाढलं. गुलकंद: चविष्ट. रात्रीच्या जेवणातला लालभडक रस्सा बंद केला, त्याचा फरक पडला. पण बाकी सगळे भुरके मारत असताना आपण ताकभात कालवत बसायचं, ह्यात वाफेपेक्षा जास्त जळायला होतं. खळ न घातलेलं, विरलेलं सुती लुगडं: उत्तम. वाफ येणार असं वाटताच मनगटं पाण्यात धरायची: हे सगळ्यात चांगलं, पण त्यासाठी हात मोकळे लागतात. लेडी डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यांनी लाल औषधाची बाटली दिली आणि सांगितलं, "या वयात होतंच असं. सावलीत राहा, विश्रांती घ्या. आणि बंद झालेलं परत सुरू झालं तर मात्र लगेच दाखवायला या." मी घरी येऊन शब्दन् शब्द सासूबाईंना सांगितला. मला सगळं सांगून टाकायची सवय होती.

विश्रांती घ्या. ही विश्रांती आमच्या घरात एकाच जागी मिळायची, आणि ती जागा धाकटीची झाली होती.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. आमचं घर मूळचं विणकरांचं. माझ्या सासऱ्यांच्या वेळेला मागच्या खोलीत दोन माग होते, जमिनीत खड्डा खणून बसवलेले. विणणारा खड्ड्यात पाय सोडून काठावर बसायचा आणि खाली पायानं पावड्या दाबायचा. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून ती खोलीच गारव्यासाठी बांधलेली: जाड मातीच्या भिंती, खाली बुटकी खिडकी, मातीची जमीन आणि तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. पुढे ह्यांनी आणि धाकट्या दिरानं गांधीबागेत कापडाचं दुकान टाकलं, माग उमरेडच्या नातेवाइकांकडे गेले. दाराजवळचा खड्डा विटांचे तुकडे आणि माती घालून बुजवला. खिडकीजवळच्या खड्ड्यापर्यंत तुकडे पुरले नाहीत. तो तसाच राहिला.

माग होते तोवर बाजूला बसलेल्या बाईला त्या खोलीच्या उंबऱ्याजवळही फिरकू देत नसत. आम्ही गोठ्याला लागून असलेल्या पडवीत बसायचो, माश्या मारत. माग गेल्यावर खोली रिकामी झाली आणि तीच आमच्या वाट्याला आली. भर उन्हाळ्यात आख्ख्या घरातली सगळ्यात गार खोली, महिन्यातून चार दिवस. ताट हातात मिळायचं. पाणी वरून ओतून मिळायचं. कोणी हाक मारायची नाही, कारण हाक मारून उपयोग नव्हता. किल्ल्या कुठे, डाळ किती, धोब्याला काय दिलं, ह्यांतला एकही प्रश्न उंबरा ओलांडून आत येत नसे.

आणि ही खोली मी स्वतःच्या तोंडानं घालवली.

त्रेपन्नच्या पोळ्याच्या सुमारास माझं बंद झालं. त्याआधी वर्ष-दीड वर्ष कधी दोन महिने काहीच नाही आणि कधी आठ-आठ दिवस धो धो, असं चाललं होतं. संक्रांतीपर्यंत वाट पाहिली, काही नाही. तेव्हा तिळगुळाची ताटं लावता लावता मी सासूबाईंना सांगून टाकलं. मला वाटलं, आपण एक काम उरकलं.

"सुटली वं तू," सासूबाई म्हणाल्या आणि खरंच आनंदल्या. "आता काही शिवाशिव नाही. देव तुह्याकडे, लोणचं तुह्याकडे, वड्या-पापड तुह्याकडे. आता मले कोणाचं तोंड पाहावं लागत नाही."

महिनाभर मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. मग वाफा सुरू झाल्या आणि मी पाहिलं तर महिन्याच्या तिसाही दिवशी मी देवापासून चुलीपर्यंत उभी होते. सुटले होते ती मी नव्हतेच. सगळं घर माझ्यावर सुटलं होतं.

धाकटी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तिचं आपलं ठरल्यासारखं चालू होतं. दर महिन्याला पदर सावरत म्हणायची, "जाऊबाई, मी बाजूले," आणि निघायची. जाताना चालीत एक सैलपणा असायचा, माहेरी निघालेल्या मुलीसारखा. चार दिवस मी तिला ताट न्यायची. उंबऱ्याबाहेरून ताट सरकवताना आतला गारवा माझ्या हाताला लागायचा, कोपरापर्यंत, आणि मग मला ते कोपर घेऊन परत चुलीशी यावं लागायचं. तिचा नवरा दुकानातून येताना टरबूज आणायचा. मोठा भाऊ, म्हणजे आमचे हे, बरोबर असायचे, पण टरबूज धाकट्याच्याच हातात. पाचव्या दिवशी ती शिकेकाईनं न्हाऊन अंगणात केस वाळवत बसायची आणि तोंड असं दिसायचं की चार दिवस नाही, चार महिने महाबळेश्वरला राहून आली आहे.

माझा जळफळाट होत होता. हे मी तेव्हाही जाणून होते, त्याला दुसरं सभ्य नाव मी दिलं नाही.

आणखी एक. घरातली जुनी लुगडी फाडून त्यांच्या घड्या करून ठेवायचं काम माझं. लाकडी पेटीत थप्पी असायची, जिला लागतील तिनं घ्यायच्या. माझं बंद झाल्यावर ती थप्पी कमी व्हायची थांबली. ते माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि मला त्याचाही हेवा वाटला. मी थप्पीच्या थप्प्या संपवल्या होत्या, आणि हिचं बघा, हिचं तेही कमीत भागतं! इतकी हिशेबी बाई मी, पण डोळ्यासमोर होतं त्याचा मला असा उलटा अर्थ लागला, कारण हेवा करायला मला तोच सोयीचा होता.

तर त्या शुक्रवारी वड्या. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायच्या आधी वड्या वाळून डब्यात जायला हव्या होत्या. डाळ रात्री भिजवलेली, नणंद पहाटेपासून वाटत होती. फेसायचं काम माझं. मूगवडीचं पीठ हातानं फेसावं लागतं, पांढुरकं होईपर्यंत. पाण्यात टाकलेला थेंब तरंगला की झालं. खाटेवर धुतलेलं धोतर अंथरलेलं, हळदीकुंकवाची कोयरी तयार. सासूबाई देखरेखीला.

"लवकर वं मोठी. ऊन खाटेवर आलं पाहा."

"होऊन राह्यलं, आई."

"मागच्या वर्षी तुह्या वड्या दगड झाल्या होत्या," नणंद वरवंटा थांबवून म्हणाली. "लग्नात व्याह्याचे दात पाडशीन, वहिनी."

"मंग ये, फेस तूच."

"मी कशी? थोरली तू ना!"

आणि तेवढ्यात पोटाच्या वर ती धरली. मनगटं पाण्यात धरायची तर हात पिठात. बादली लांब. मी फेसत राहिले. वाफ गळ्यापर्यंत आली, कान पेटले, डोळ्यांपुढचं अंगण पांढरं झालं. पीठ मात्र गार होतं, रात्रभर भिजलेल्या डाळीचं. मी काय करते आहे ते कळायच्या आत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत परातीत गेले आणि मी ते तिथेच ठेवले. काय सुख होतं ते. मान खाली घालून मी तशीच बसले. हनुवटीवरून काहीतरी टपटपत होतं.

"माय वं!" नणंद ओरडली. "आई, पाहा! घाम पडून राह्यला वड्यात!"

"मोठी! हात काहून बुडवले? काय झालं तुले?"

सासूबाई पाटावरून अर्ध्या उठल्या.

"ऊन लागलं हिले. कांदा आण वं, कांदा फोड! पन्हं कर!"

"ऊन नाही लागलं," मी म्हणाले. "ऊन तर आत्ता आलं खाटेवर. हे माह्यं आहे. हे मी तुमाले वर्षभरापासून सांगून राह्यली."

"आमच्या वेळेले असं काही नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून बरेचदा ऐकलं होतं. त्या दिवशी ते पिठात हात असताना ऐकलं, एवढाच फरक. मी उठले. दोन्ही हातांवरून पीठ गळत होतं. अंगण ओलांडलं. मागून सासूबाई ओरडत होत्या, "शिवशीन वं! मोठी, तिकडे नको जाऊ! मुहूर्ताच्या वड्या आहेत! कोण घालन मंग?" मला एवढंच दिसत होतं की त्या बुटक्या दाराच्या आत अंधार आहे आणि तो गार आहे. मी वाकून उंबरा ओलांडला.

धाकटी खिडकीजवळच्या खड्ड्याच्या काठावर बसली होती, विणणाऱ्यासारखी. लुगडं टोंगळ्यापर्यंत वर घेतलेलं, पाय खड्ड्यात. खड्ड्यात ओली वाळू. मानेवर ओला पंचा. हातात ताडाचा पंखा, तो असा चालला होता की जोर मनगटात नसून दातांत होता. तोंड लालबुंद, कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईत उतरलेलं.

आपलं लुगडं दुसरीच्या अंगावर दिसलं की ओळखायला काठ पाहावा लागत नाही. तशी ती वाफ मी ओळखली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"माह्याजवळ सोंग नको करू. पेटीतली थप्पी मी घालते. ती जशीच्या तशी आहे."

तिचा पंखा थांबला. बाहेर सासूबाई नणंदेला काहीतरी सांगत होत्या. धाकटीनं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या हातांवरच्या पिठाकडे, आणि मग एकदम तिला हसू फुटलं.

"तुमच्या आधीपासून, जाऊबाई. त्या वर्षीच्या आखाडात बंद झालं."

आखाड. माझं पोळ्याला. म्हणजे ह्यातही ती माझ्या पुढे! तीन वर्षांनी लहान, आणि सुटली माझ्या आधी, आणि सुटल्यावरही ही खोली तिच्याकडे, आणि तो खड्डाही.

"अन् सांगतलं काहून नाही?"

"सांगनारच होती. संक्रांतीले सांगीन म्हटलं, सण झाल्यावर. त्याच्या आत तुम्ही सांगून टाकलं." ती पंखा परत हलवायला लागली. "मंग मी पाह्यलं तुमचं काय झालं ते. देव तुमाले, लोणचं तुमाले. म्हटलं, बाप्पा, आपण गप बसलेलं बरं."

"म्हणजे माह्यं पाहून तू शिकली."

"मोठ्या जावेचं पाहून नाही शिकायचं तर कोणाचं?"

 मी तिथेच बसले, दाराजवळ, बुजवलेल्या खड्ड्यावर. विटांचे तुकडे लुगड्यातून टोचत होते. दीड वर्ष मी ह्या बाईला ताट आणून दिलं. पाणी वरून ओतलं. आणि आत ती माझ्यासारखीच भाजत होती, फक्त पाय वाळूत टाकून.

"तुले कधी येते?" मी विचारलं.

"दुपारच्याले जास्त. तुमाले?"

"दिवेलागणीले. चुलीशी."

"ते तर होईनच. चूल आहे ना ती." तिनं पाय बाजूला घेतले. "या, टाका इकडे. वाळू मी सकाळीच ओली केली."

मी सरकत गेले आणि पाय सोडले. एका माणसाचा खड्डा. आमचे टोंगळे टोंगळ्यांवर आदळत होते. पण तळव्यांतून जे गार वर चढलं ते शतावरी आणि लाल औषधाच्या सगळ्या बाटल्यांना जमलं नव्हतं. दोघींना ओक्साबोक्शी रडू वगैरे आलं नाही. मी हात पंच्याला पुसले. ती म्हणाली, "जाऊबाई, पीठ लावलं ना माह्या पंच्याले." मी म्हणाले, "तुह्या पोरीच्याच लग्नाचं आहे."

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही पन बसा. म्हणा, परत आलं. येते ना कोणाकोणाचं परत."

"आता? मुहूर्ताच्या वड्या टाकून?"

"त्या तर गेल्याच. घाम पडला ना."

खरं होतं. ते पीठ आता गाईला. मी आत शिवले, म्हणजे डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय पाट्याला हात लावता येणार नव्हता, आणि घेतलं तरी दुसऱ्या पिठापर्यंत दुसरी वाफ येणार. मी बाहेर गेले तर मला तेच. उद्याही तेच; लग्नाच्या मांडवातही तेच, आणि त्यानंतरचा प्रत्येक उन्हाळा. आत राहिले तर चार दिवस. महिन्याचे चार. मला दुसरं काही नको होतं, फक्त ते चार दिवस, जे माझे होते आणि मी तिळगुळाबरोबर वाटून टाकले होते.

दाराशी सावली आली. सासूबाई उंबऱ्याच्या बाहेर, कमरेवर हात.

"निघ बाहेर. डोक्यावरून पाणी घे. पोरगी उरलेली डाळ वाटून राह्यली."

"आई," मी म्हणाले, "कावळा शिवला."

 धाकटीचा पंखा अर्ध्यावर राहिला.

"तुले?"

"मले."

"दीड वर्षानं?"

"येते कोणाकोणाचं परत."

"हाव?" त्यांनी मान पुढे केली. अंधारात त्यांना दिसत किती होतं कोण जाणे. "डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं ना तुले, परत आलं तर लगेच दाखवाले या म्हणून? तूच तर मले सांगतलं. उद्याच जाऊ मंग."

पुन्हा माझ्याच तोंडानं. माझी ही शब्दन् शब्द सांगायची खोड.  पण धाकटी पुढे सरसावली.

"आई, लग्नघर आहे," ती म्हणाली, अगदी सुनेच्या मऊ आवाजात. "लग्न होऊ द्या. मंग मी नेईन ना जाऊबाईले. दोघी जाऊ."

सासूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे. मग खड्ड्याकडे, जिथे चार पाय एकत्र होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आजही सांगू शकत नाही. राग असता तर मी ओळखला असता.

"बसा," त्या म्हणाल्या. "बसा दोघी. पन हळदीच्या दिवशी मले दोघी बाहेर पाह्यजे, न्हाऊन-धुऊन, उभ्या. तारीख मी सांगून राह्यली. कावळ्याले तुम्ही सांगा."

आणि गेल्या. थोड्या वेळानं अंगणातून त्यांचा आवाज आला, नणंदेला: "पोरी, तू घाल पहिल्या पाच. तूही ह्याच घरची सवाष्ण. कांदा नको आता. ठेव कांदा."

नणंदेनं वड्या घातल्या. इथे लिहून ठेवते, कारण लग्नात मला तिघी-चौघींनी मुद्दाम येऊन सांगितलं: वड्या फार हलक्या झाल्या होत्या. नेहमीपेक्षा हलक्या. रश्शात फुलून दुप्पट झाल्या. मी हसून होय म्हटलं आणि पंगतीत एकही खाल्ली नाही.

ते चार दिवस आम्ही दोघींनी त्या खोलीत काढले. नणंद ताट सरकवायची आणि टोमणा मारायची, "दोन महाराण्यांचं जेवण!" मी माझे उपाय धाकटीला सांगितले, एकेक, गुणदोषांसकट. धने-जिरं तिला ठाऊक होतं. मनगटाचं ठाऊक नव्हतं. तिनं करून पाहिलं आणि म्हणाली, बरं आहे. तिनं मला वाळू दाखवली: बारीक नको, जरा जाड हवी, कन्हान नदीची; पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, ओतलं की चिखल होतो. पंचा मानेवर, डोक्यावर नाही. आणि वाफ चढायला लागली की बोलायचं बंद करायचं, भांडण असेल तर अर्ध्यावर सोडायचं. हे शेवटचं मला जमलं नाही.

एकच खड्डा असल्यानं पाळी लावावी लागली. दुपार तिची, दिवेलागण माझी, असं मी ठरवून दिलं. पण खिडकीजवळ अंथरूण तिचं. दिवेलागणीला वारा पडतो. दुपारी तिच्या पायांखाली वाळू ताजी ओली असायची, माझ्या वेळेपर्यंत कोमट. ती म्हणायची, "जाऊबाई, मी पुन्हा शिंपडते." शिंपडायचीही. तरी पहिला गारवा तिलाच. मी दाराजवळ बुजवलेल्या खड्ड्यावर चटई टाकून पडायची, आणि खाली काय आहे ते मला पाठीला कळत असायचं: हातभर खोल, गार, चांगला खणलेला माझ्या सासऱ्यांच्या हातचा खड्डा, त्यात विटांचे तुकडे.

हळदीच्या दिवशी दोघी न्हाऊन-धुऊन उभ्या होतो. कावळ्यानं ऐकलं. लग्नानंतर डॉक्टरीणबाईंकडे जायचं कोणी काढलं नाही, सासूबाईंनीही नाही. एवढ्या काटेकोर बाई, त्यांनी ते विसरावं, ह्याचा अर्थ मी लावला आहे, पण त्यांना विचारलेला नाही. त्यांच्या वेळेला त्या खोलीत माग होते. त्यांना गोठ्याजवळची पडवीच होती. आमच्या वेळेला असं काही नव्हतं, हे वाक्य त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

पुढे दर महिन्याला आम्ही बसत गेलो, कधी ती, कधी मी. उन्हाळ्यात बरेचदा दोघी. घर काही बुडालं नाही. दिवे लागले, देव पुजले गेले, डाळ कुणीतरी मोजली. किल्ल्या मी कमरेलाच ठेवत असे.

आता साठ साल आहे. धाकटीच्या वाफा गेल्या दिवाळीपासून पूर्ण थांबल्या. तिनं मला हसत हसत सांगितलं, टरबूज गोड निघालं म्हणून सांगावं तसं. माझ्या अजून येतात, पहिल्यासारख्या नाही, पण येतात. ह्यातही ती आधी सुटली. आखाडात ती पहिली आणि शेवटीही तीच पहिली. मी म्हटलं, "मंग आता खिडकीजवळची जागा मले दे." ती म्हणाली, "देते ना, जाऊबाई. पन पोरीचं बाळंतपण करून आली मी, टोंगळे दुखून राह्यले. ह्या उन्हाळ्यापुरती राहू द्या." आणि पाय खड्ड्यात सोडून बसली.

माझ्या यादीत ह्या वर्षी वैशाखाच्या आत करायची कामं अशी: कौलं फिरवणे, झालं. वाळ्याचे पडदे नवे बांधून घेणे, झालं. पेटीतली थप्पी शेजारच्या सुनेला देऊन टाकणे, झालं. मागाच्या खोलीतला दाराजवळचा खड्डा मोकळा करून घेणे. ह्याला गवंडी लागेल, आणि गवंड्यासाठी ह्यांना सांगावं लागेल, आणि हे विचारतील की पन्नाशी ओलांडलेल्या बाईला दुसरा खड्डा कशाला हवा, पुन्हा माग घालायचा आहे का. काय सांगायचं ते ठरलेलं नाही. कुदळ मी आणून दारामागे ठेवली आहे. खड्डा अजून बुजलेलाच आहे.